मुस्तफाची बॅटरी

'मुस्तफा' हे त्या गेमचं नावच नव्हतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला, गोष्ट घेतली मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकमधून. चौघांपैकी एक गडी निवडायचा. त्यातला मुस्तफा कैरो सगळ्यात चपळ, धावत येऊन लाथ घातली की समोरचे तीन-चार आडवेच. त्यामुळे ज्याला त्याला मुस्तफाच हवा असायचा, आणि शेवटी गेमलाच ते नाव चिकटलं.

आमचं पार्लर एसटी स्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये होतं. रुपयाला एक कॉइन. दळण आणायला दिलेल्या पैशातले सुट्टे कुठे जायचे हे आईला माहीत होतं, बाबांना नव्हतं. एक दिवस त्यांनाही कळलं. तिसऱ्या लेव्हलला कॅडिलॅक गाडी चालवायला मिळायची, आणि मी नेमका तिथे पोचलो होतो. कान धरून बाहेर काढलं. गाडी तशीच चालू राहिली, पुढची खेळी मागे उभ्या असलेल्या पोराने फुकटात घेतली. तो सल आजही आहे.

आता हे पुराण कशासाठी? तर त्या मशीनच्या पोटातल्या बोर्डसाठी.

मुस्तफाच्या अस्सल बोर्डवर एक छोटी बॅटरी असायची. आवाजाचा प्रोग्रॅम कुलूपबंद, आणि त्या कुलपाची चावी बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत. कॅपकॉमने पुढच्या पिढीच्या बोर्डवर तर अख्खा गेमच असा कुलपात घातला. उद्देश सरळ होता, नकला थांबवणं. पण बॅटरी काही वर्षांत संपतेच. संपली की चावी पुसली जाते आणि चांगला धडधाकट बोर्ड मरतो. जगभरचे हौशी लोक तिला 'सुसाइड बॅटरी' म्हणतात. नकली बोर्डला हे दुखणं नाही. म्हणजे चोरीचा माल टिकला आणि अस्सल माल मेला, असा हा न्याय.

घरी खेळायच्या गेमची बॅटरीची गोष्ट वेगळी, पण शेवट तोच. १९८६ साली जपानमध्ये युजी होरी यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. हा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एका बैठकीत संपणारा नव्हे. आज थांबायचं, उद्या तिथूनच पुढे जायचं. पण मशीनला काही लक्षात राहायचं नाही. म्हणून गेम एक लांबलचक मंत्र द्यायचा, तो वहीत उतरवायचा. दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत जायचा. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. तिसऱ्या भागात वही गेली आणि कार्ट्रिजमध्ये बॅटरी आली. हा भाग १० फेब्रुवारी १९८८ ला, बुधवारी, विक्रीला आला. शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या पोरांना पोलिसांनी पकडलं. पुढे सुट्टीच्या दिवशीच हा गेम विकायचा असा कायदा झाल्याची दंतकथा पसरली. असा कायदा कधी झालाच नाही. कंपनीनेच शहाणपणा केला आणि चौथा भाग रविवारी काढला.

त्या कार्ट्रिजमधल्या बॅटऱ्याही आता एकेक करून संपतायत. वहीतला मंत्र मात्र अजून चालतो!

मग हे गेम आज आपल्याला मोबाइलवर, कॉम्प्युटरवर दिसतात ते कुणामुळे? कंपन्यांमुळे म्हणाल तर फार थोडे. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने 'मेम' नावाचा प्रोग्रॅम काढला, जुन्या बोर्डचं वागणं जसंच्या तसं उतरवणारा. पुढे शेकडो लोकांनी त्यात बिनपगारी काम केलं. कॅपकॉमच्या त्या कुलपाची पूर्ण उकल २००७ साली झाली, तीही साल्मोरिया आणि त्यांच्या एका हौशी साथीदाराकडून. मुस्तफा कॅपकॉमने घरच्या मशीनसाठी कधी काढलाच नाही. आपल्या पिढीने घरी जो खेळला तो बहुतेक असाच, कुणाच्या परवानगीशिवाय.

२०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अमेरिकेतल्या जुन्या गेमची मोजदाद केली. २०१० पूर्वीच्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांनी ते अभ्यासकांना घरबसल्या दाखवावेत ही मागणी तिथल्या कॉपीराइट ऑफिसने २०२४ मध्ये फेटाळली.

आपल्याकडे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला काढता येतात. २०१२ च्या दुरुस्तीने जतनासाठी डिजिटल साठवणही करता येते, पण ग्रंथालयाकडे मूळ बिगर-डिजिटल प्रत असेल तरच. गेम तर जन्मतःच डिजिटल, त्याची बिगर-डिजिटल प्रत आणायची कुठून? २०२५ साली संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे, ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे. जुने गेम जपण्याबद्दल काही नाही.

सिनेमाच्या बाबतीत आपण हे भोगलंय. 'आलम आरा' १९३१ चा, आपला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात फिल्म अर्काइव्ह उभं राहिलं ते १९६४ साली, तोवर बरंच काही गेलं होतं. निदान सिनेमासाठी ते उभं राहिलं तरी. पार्लरमधल्या गेमसाठी तसलं काही उभं राहावं असं म्हटलं तर लोक हसतात. मलाही घरात हसतात.

तरी एक विनंती करतो. तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, मामा पार्लर चालवायचे का? माळ्यावर जुना बोर्ड, कॉइन बॉक्स, निदान दुकानाची पाटी पडली असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एक फोटो इथे टाका, गावाचं नाव लिहा. आणि बोर्डवर बॅटरी असेल तर घाईने काढू नका, आधी जाणकाराला विचारा.