टीस्ट्रिंगलिस्ट : मजकुराच्या याद्या सांभाळण्याचे साधन

संगणकाच्या भाषेत मजकुराच्या तुकड्याला 'स्ट्रिंग' म्हणतात. गावाचे नाव, ग्राहकाचे आडनाव, पत्त्यातील एक ओळ या सगळ्या स्ट्रिंगच. डेस्कटॉपवर चालणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमना अशा शेकडो-हजारो स्ट्रिंग एकत्र ठेवाव्या लागतात. डेल्फी या प्रोग्रॅमिंग साधनात या कामासाठी 'टीस्ट्रिंगलिस्ट' नावाचा क्लास आहे. डेल्फी १९९५ साली बोरलँड कंपनीने बाजारात आणले. फ्री पास्कल आणि लाझारस या मोफत साधनांतही याच नावाचा क्लास मिळतो.

यादी तयार करणे सोपे असते. ती वेगवान आणि अचूक ठेवण्यासाठी मात्र चार गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात : नावे कोणत्या चिन्हाने वेगळी करायची, क्रम कोणता, दुबार नोंदींचे काय करायचे आणि फाइलचे एन्कोडिंग कोणते. मराठी नावांच्या बाबतीत हे साधनावर सोडून दिले तर चुका होतात.

विभाजक : एका नावाचे दोन तुकडे

समजा, पडेगावातील एका दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये ग्राहकाचा पत्ता असा येतो : 'पडेगाव,औरंगाबाद,महाराष्ट्र'. 'डिलिमिटेडटेक्स्ट' या गुणधर्माला ही ओळ दिली आणि विभाजक म्हणून स्वल्पविराम ठरवला, की यादीत तीन नोंदी तयार होतात.

२०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. आता ओळ 'पडेगाव,छत्रपती संभाजीनगर,महाराष्ट्र' अशी येते आणि यादीत तीनऐवजी चार नोंदी होतात. शहराच्या जागी नुसते 'छत्रपती' दिसते आणि राज्याच्या जागी 'संभाजीनगर'. प्रोग्रॅम कोणतीही चूक दाखवत नाही, पण छापलेला पत्ता चुकलेला असतो.

याचे कारण असे, की मुळात हा गुणधर्म स्वल्पविरामाबरोबरच मोकळी जागाही विभाजक मानतो. 'स्ट्रिक्टडिलिमिटर' हा गुणधर्म 'ट्रू' केला की फक्त ठरवलेले चिन्हच विभाजक धरले जाते. जुने नाव एकाच शब्दाचे असल्याने ही उणीव वर्षानुवर्षे लपून राहू शकते. ज्या पत्त्यात 'क्रांती चौक' आहे, तिथे ती आधीही दिसली असती.

शोध : क्रम लावलेली आणि न लावलेली यादी

एखादी नोंद यादीत आहे का, हे 'इंडेक्सऑफ' सांगते. यादीला क्रम नसेल तर ते पहिल्या नोंदीपासून एकेक तपासत जाते. १०,००० नावांत एक नाव शोधायला सरासरी सुमारे ५,००० तुलना होतात.

'सॉर्टेड' हा गुणधर्म चालू असेल तर शोध शब्दकोशात शब्द पाहावा तसा होतो. मधली नोंद पाहायची, हवे ते नाव अलीकडे असेल तर पलीकडचा अर्धा भाग सोडून द्यायचा, आणि उरलेल्या भागात पुन्हा तेच. या पद्धतीला द्विभाजन शोध म्हणतात. त्यात १०,००० नावांना जास्तीत जास्त १४ तुलना पुरतात आणि १ लाख नावांना १७.

मात्र 'सॉर्टेड' चालू ठेवून नोंदी एकेक भरल्या तर प्रत्येक नव्या नोंदीसाठी पुढच्या नोंदी सरकवाव्या लागतात. यादी मोठी असेल तर आधी सगळ्या नोंदी भराव्यात आणि शेवटी एकदाच क्रम लावावा. नोंदींची संख्या अंदाजे माहीत असल्यास 'कपॅसिटी' आधीच ठरवून ठेवावी, म्हणजे पुन्हा पुन्हा मेमरी वाढवावी लागत नाही.

दुबार नोंदी

'डुप्लिकेट्स' या गुणधर्माला तीन पर्याय आहेत : दुबार नोंद स्वीकारणे, गुपचूप वगळणे किंवा चूक दाखवणे. हा गुणधर्म फक्त क्रम लावलेल्या यादीतच काम करतो आणि यादीत आधीच शिरलेल्या दुबार नोंदी काढून टाकत नाही. म्हणून एकदाच क्रम लावायचा असेल, तर त्यानंतर शेजारच्या नोंदी पडताळून सारख्या नोंदी काढाव्यात.

मराठीत आणखी एक अडचण आहे. 'कऱ्हाड' हे नाव दोन प्रकारे टंकलिखित होते. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण चिन्हागणिक तुलना केली तर ती दोन वेगळी नावे ठरतात. यावर उपाय एकच : नाव यादीत घालण्याआधी ते एका ठरलेल्या रूपात आणावे.

मराठी क्रम

युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे. मराठी वर्णमालेत ते 'ह'नंतर येते. त्यामुळे युनिकोडच्या क्रमांकांनुसार क्रम लावला तर 'वाळूज' आधी आणि 'वाशिम' नंतर येते. मराठी क्रमात 'वाशिम' आधी यायला हवे. 'कस्टमसॉर्ट' वापरून स्वतःचा तुलनेचा नियम देता येतो, पण तो नियम द्विभाजन शोधाला कळत नाही. शोधही त्याच क्रमाने व्हायचा असेल तर या क्लासपासून नवा क्लास तयार करून त्यातील 'कम्पेअरस्ट्रिंग्ज' ही पद्धत बदलावी.

लांबी मोजतानाही फसगत होते. 'पडेगाव' डोळ्यांना चार अक्षरी दिसते, पण मात्रा आणि काना वेगळे धरले जात असल्याने डेल्फी त्याची लांबी ६ सांगते. ठरावीक लांबीवर नाव तोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काना-मात्रा गळून पडतात.

फाइल आणि पडदा

डेल्फी २००९ पासून नेहमीची स्ट्रिंग युनिकोड आहे. तरीही 'लोडफ्रॉमफाइल' वापरताना एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ स्पष्ट सांगावे. तसे न केल्यास, आणि फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंगची खूण नसल्यास, विंडोज आपले जुने कोडपेज लावते आणि मराठीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात.

पडद्यावरच्या लिस्टबॉक्समध्ये हजारो नोंदी भरताना आधी 'बिगिनअपडेट' आणि शेवटी 'एंडअपडेट' लिहावे. नाहीतर प्रत्येक नोंदीनंतर पडदा पुन्हा रंगवला जातो आणि प्रोग्रॅम अडकल्यासारखा वाटतो. मध्येच चूक झाली तरी 'एंडअपडेट' चालेल, अशी व्यवस्था 'ट्राय-फायनली'ने करावी.

तपासणी कशी करावी?

प्रोग्रॅम ग्राहकाकडे देण्याआधी चाचणीच्या यादीत निदान ही नावे असावीत : पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, वाळूज, वाशिम आणि दोन्ही प्रकारे लिहिलेले कऱ्हाड. ही नावे भरून, साठवून, पुन्हा उघडून आणि शोधून पाहिली, की वरच्या बहुतेक चुका पत्ता छापण्याआधीच सापडतात.