‘अवांतर’ वाचन : शालेय ग्रंथसंग्रहाच्या इतिहासातील एक शब्द

मराठी शाळांत पाठ्यपुस्तकाबाहेरच्या वाचनास ‘अवांतर वाचन’ म्हणण्याचा प्रघात दीर्घकाळ चालत आलेला आहे. संस्कृतात ‘अवान्तर’ म्हणजे मध्ये असणारे, अंतर्भूत वा गौण. मराठीत त्यातील अंतर्भूततेची छटा लोपली आणि मुख्य विषयास सोडून असलेले, हा अर्थ रूढ झाला. पुढे ‘पूरक वाचन’ व ‘स्थूलवाचन’ हे पारिभाषिक शब्दही प्रचारात आले. या तिन्ही शब्दांचे हेतू निराळे असले, तरी त्यांचे माप एकच आहे व ते म्हणजे क्रमिक पुस्तक. त्याच्या कडेचे ते अवांतर, त्याची उणीव भरून काढणारे ते पूरक, आणि त्याच्याइतके बारकाईने वाचावयाचे नाही ते स्थूल. मुलाने स्वतःच्या ओढीने केलेल्या वाचनास शालेय परिभाषेत स्वतंत्र नाव मिळालेले नाही. या उणिवेचे मूळ मराठी मुद्रणाच्या आरंभकाळात शोधावे लागते.

1822 मध्ये मुंबईत शाळा व शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. 1827 पासून ती बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. मराठी बालवाङ्मयाचे आद्य लेखक म्हणून ज्यांचा निर्देश होतो, ते सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे याच मंडळीच्या कार्याशी निगडित होते. त्यांचे ‘बाळमित्र’ व ‘इसपनीतिकथा’ हे ग्रंथ 1828 मध्ये आणि ‘वेताळपंचविशी’ 1830 मध्ये प्रसिद्ध झाली. पैकी ‘बाळमित्र’चे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. फ्रेंच लेखक बेर्कें याने 1782–83 मध्ये मुलांसाठी जी लेखमाला काढली, तिच्या इंग्रजी रूपांतरावरून हा ग्रंथ सिद्ध झाला. मूळ फ्रेंच मालिका दरमहा अंकरूपाने वर्गणीदारांच्या घरी जात असे आणि मुलांनी ती कुटुंबात वाचावी, अशी अपेक्षा असे. मराठीत मात्र ती शालोपयोगी ग्रंथांच्या पंक्तीत आली. मुलांसाठी छापलेल्या पुस्तकास त्या काळी शाळेखेरीज दुसरे मोठे गिऱ्हाईक नव्हते, हे लक्षात घेता असे होणे स्वाभाविक होते. तथापि त्यामुळे मराठीत गोष्ट आणि धडा एकाच घरात जन्मल्या, आणि त्या घराचे कर्तेपण धड्याकडे राहिले.

नियतकालिकांनी ही स्थिती काही अंशी पालटली. 1873 मध्ये अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ निघू लागले. 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केले. टपालाने घरी येणारा अंक परीक्षेसाठी नसतो, ही जाणीव त्यामुळे काही कुटुंबांत रुजली. परंतु वर्गणी भरणे ज्यांना शक्य होते, त्यांच्यापुरताच हा लाभ होता. इतर मुलांना गोष्टीचे पुस्तक मिळण्याचा मार्ग शाळेतूनच जात असे.

‘आनंद’चा आरंभ झाला त्याच वर्षी, म्हणजे 1906 मध्ये, सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात सर्वत्र सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. वाचावयास शिकलेली मुले शाळा सोडल्यावर वाचनाच्या साधनांअभावी पुन्हा निरक्षर होतात, हा धोका महाराजांनी ओळखला होता. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना पाचारण करून स्वतंत्र ग्रंथालय खाते उभारले. त्या व्यवस्थेत मुलांसाठी निराळा विभाग होता, आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत असत. येथे पेटी व कपाट यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. कपाट एका जागी उभे असते व वाचकाने त्याच्याकडे यावे अशी अपेक्षा करते. पेटी मात्र वाचकाकडे जाण्यासाठीच भरलेली असते; ती फिरली नाही, तर तिला प्रयोजनच उरत नाही.

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत जी पद्धती रुळली, ती मुख्यतः कपाटाची. शाळेत आलेल्या पुस्तकाची नोंद संग्रहाच्या वहीत होते, तपासणीच्या वेळी ते हजर असावे लागते, आणि हरवले तर त्याचा जाब शिक्षकास द्यावा लागतो. अशा व्यवस्थेत कुलूप हे शिक्षकाच्या अनास्थेचेच चिन्ह असते असे नाही; पुष्कळदा ते त्याच्या सावधगिरीचे चिन्ह असते. हाताळून फाटलेले पुस्तक हिशेबात तोटा म्हणून दिसते, न उघडलेले पुस्तक मात्र सुस्थितीतील मालमत्ता ठरते.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. 1967 मध्ये पुणे येथे पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजेच ‘बालभारती’, स्थापन झाले. याच मंडळाने नोव्हेंबर 1971 मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. धडा आणि गोष्ट पुन्हा एकदा एकाच घरातून निघू लागल्या. मात्र या वेळी गोष्टीस स्वतःचे दार मिळाले. 1987 पासूनच्या खडू-फळा योजनेत शाळांना द्यावयाच्या साहित्यात ग्रंथालयाच्या पुस्तकांचा समावेश झाला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तके यांसह ग्रंथालय असणे आवश्यक ठरविले. 2015 पासून 15 ऑक्टोबर हा ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून राज्यात पाळला जातो. पुस्तके असावीत, हे अशा रीतीने निर्विवाद झाले. ती वर्षभर मुलांच्या हाती कशी राहावीत, हा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

या प्रश्नाचे गांभीर्य माणसारख्या गावात विशेष जाणवते. मुळशी तालुक्यातील हे शेतकरी गाव हिंजवडीस लागून आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले व त्याचा विस्तार माणच्या शिवारापर्यंत पोहोचला. बांधकामाच्या व इतर कामांच्या निमित्ताने मराठवाडा, कर्नाटक व उत्तर भारत येथून आलेली कुटुंबे या पट्ट्यात राहतात. त्यांच्या मुलांची घरची बोली आणि क्रमिक पुस्तकाची प्रमाणभाषा यांत अंतर असते. कित्येकांच्या बाबतीत तर भाषाच निराळी असते. हे अंतर धडा एकटा भरून काढू शकत नाही. वाक्यरचनेची सवय होण्यासाठी तेच शब्द, तेच प्रत्यय व तीच वळणे निरनिराळ्या प्रसंगांत पुनःपुन्हा भेटावी लागतात. इतकी पुनरावृत्ती मूल कंटाळा न करता सहन करते ते केवळ गोष्टीत. ज्या घरी छापील पान येत नाही, त्या घरच्या मुलास ती गोष्ट शाळेतच मिळावयास हवी. काम संपले की कुटुंब दुसरीकडे जाते. तेव्हा कपाट उघडण्यास झालेला एका वर्षाचा विलंब हा त्या मुलापुरता कायमचाच ठरतो.

बडोद्याची पेटी इतिहासजमा झाली असली, तरी तिची कल्पना टिकून आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम 2009 पासून ग्रंथपेट्यांच्याच आधारे चालत आला आहे. शाळेच्या संदर्भात या कल्पनेचा अर्थ इतकाच की, पुस्तक झिजणे हा वापराचा स्वाभाविक परिणाम मानावा आणि त्याची भरपाई शिक्षकाच्या माथी मारू नये. तसे झाल्यास ‘अवांतर’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ, म्हणजे अंतर्भूत असणे, या वाचनास पुन्हा लागू पडेल.