राब, रेल्वे आणि तुसाची राख

एकाचा कचरा तो शेजाऱ्याचा कच्चा माल, ह्या कल्पनेचं उदाहरण म्हणून डेन्मार्कमधलं कालुंडबोर्ग हमखास दिलं जातं. तिथे १९७२ पासून तेलशुद्धीकरण कारखान्याचा जादा वायू शेजारच्या जिप्सम बोर्डाच्या कारखान्यात जाऊ लागला. छानच आहे. पण मंडळी, धबधबे बघायला पावसाळ्यात इगतपुरीला जाताच, तर एकदा मे महिन्यात जाऊन या. शेताच्या कोपऱ्यात भाजलेल्या जमिनीचा काळा चौकोन दिसेल. तो राब.

खाली शेण, वर झाडांच्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यावर मातीचा पातळ थर. हे सावकाश भाजायचं आणि पाऊस आला की तिथेच भाताचं रोप टाकायचं. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं आणि भुसभुशीत मातीतून आवणीच्या वेळी रोप अलगद उपटून येतं. फांद्या बऱ्याचदा ऐनाच्या, म्हणजे इकडच्या सादड्याच्या. झाड पाडत नाहीत, ते पुन्हा फुटतं. जंगल, गोठा आणि खाचर, तिघांचा हिशेब एका वाफ्यात जुळायचा.

मग दुसरं गिऱ्हाईक आलं. १८६५ मध्ये थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोचली. वाढत्या मुंबईला सरपण, कोळसा, इमारती लाकूड हवंच होतं. १८७८ च्या वनकायद्याने सरकारने जंगलावर पकड घट्ट केली. आता तीच फांदी शेतकऱ्याला खत, तर जंगल खात्याला नासाडी! ठाणे-कुलाब्यात हा वाद इतका पेटला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा.

माझं मत विचाराल तर खात्याची काळजी अगदीच खोटी नव्हती. दरवर्षी ओरबाडलं तर झाडाचा खुंट होतोच. पण ज्याच्या पोटाचा प्रश्न होता त्याला पर्याय काय दिला? ‘तोडू नका’ म्हणणं सोपं असतं.

पर्याय यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि तो आला गिरणीच्या मागच्या अंगणातून. भातात वजनाने साधारण पाचवा हिस्सा तूस असतो. घोटीसारख्या भातगिरण्यांच्या गावात त्याचे ढीग लागतात. ते वीटभट्टीत आणि बॉयलरमध्ये जातं. डॉ. नारायण सावंत यांच्या ‘चारसूत्री’ भातशेतीत पहिलंच सूत्र आहे भाताचे अवशेष शेताला परत देण्याचं: तुसाची काळी राख रोपाच्या वाफ्यात मिसळायची. तिच्यात सिलिका भरपूर, त्यामुळे रोप ताठ आणि किडीला चिवट. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचं. बांधावर लावायचं आणि त्याचा पाला चिखलणीच्या आधी खाचरात टाकायचा. म्हणजे राख गिरणीकडून, पाला बांधावरून, सादड्याला सुट्टी.

तरीही इगतपुरीत राब अजून भाजला जातो. फांदी फुकट मिळते, राख मात्र गिरणीतून घरी आणावी लागते, आणि त्या गाडीचं भाडं द्यायचं कुणी हे काही कुठल्या सूत्रात लिहिलेलं नाही.