माणदेश : भूमी व पशुपालन

पश्चिम महाराष्ट्रातील पर्जन्यछायेचा पठारी प्रदेश. भीमेची उपनदी माण (माणगंगा) हिच्या खोऱ्यावरून यास हे नाव पडले. सातारा जिल्ह्यातील माण, सांगलीतील आटपाडी व सोलापुरातील सांगोला हे तालुके त्याचे मुख्य भाग होत. ब्रिटिश अमदानीत आटपाडी औंध संस्थानात होती.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रिते झालेले मोसमी वारे येथे कोरडेच पोहोचतात. महाबळेश्वरी सु. ६०० सेंमी. पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातील माणमध्ये तो सु. ५० सेंमी. असून तोही बेभरवशाचा. महादेव डोंगररांगेच्या उतारांवर व माळांवर मुरमाड, उथळ जमीन आहे; काळी जमीन नदीकाठापुरतीच. माळावर कुसळी गवत, बोर, बाभूळ व हिवर आढळतात. पीक बुडाले तर शेत हलविता येत नाही, जनावरे मात्र चाऱ्यापाण्यामागे नेता येतात. येथील पशुपालनाचे मूळ या व्यवहारात आहे.

‘खिल्लार’ म्हणजे गुरांचा कळप. तेच नाव येथील गोवंशास मिळाले. पांढुरका रंग, लांब मागे वळलेली शिंगे व चपळ चाल ही त्याची लक्षणे. गाई दूध बेताचेच देतात; बैल ओढकामासाठी नावाजलेले. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत त्यांचा मोठा बाजार भरतो. धनगरांची मेंढरे उन्हाळ्यात पश्चिमेकडे जात व पावसाळ्यात माळावर परतत. वाटेत शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवून घेत आणि मोबदल्यात धान्य देत. लोकरीपासून सणगर घोंगड्या विणत. या जीवनाचे चित्रण व्यंकटेश माडगूळकरांच्या बनगरवाडी (१९५५) या कादंबरीत आहे.

१८७६–७८ च्या दुष्काळात म्हसवडजवळ राजेवाडी तलावाचे काम काढण्यात आले. १९७२ चा दुष्काळही भीषण होता. २०१२-१३ व २०१८-१९ च्या अवर्षणांत जनावरे चारा-छावण्यांत ठेवावी लागली : कळपाने चाऱ्याकडे जाण्याऐवजी चारा कळपाकडे आणावा लागला.

टेंभू उपसा योजनेने कृष्णेचे पाणी आटपाडी-सांगोल्यापर्यंत आणले. डाळिंब व ऊस वाढले, गायराने आक्रसली. ट्रॅक्टरमुळे बैलाचे शेतातील काम घटले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींना २०२१ मध्ये पुन्हा वाट मिळाली व २०२३ मध्ये त्यासंबंधीचा राज्याचा कायदा वैध ठरला. त्यामुळे खिल्लार खोंडांना मागणी आली. मात्र शर्यतीला निवडक खोंडच लागतात. वंश टिकण्यास गाईंचे कळप लागतात आणि कळपांस माळ लागतो. पाणी आले तरी हा प्रश्न सुटलेला नाही.