तळटीप : परक्या दारी नेलेले मत

येथे वर्णिलेला वाद २५ ऑक्टोबर १९५१ च्या ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीचा असून, मजूर पक्षास मत द्यावे की हुजूर पक्षास, हा प्रश्न त्या घरात एवढा जिव्हारी का लागला, हे उमगण्यासाठी वाचकाने आदल्या वर्षाची हकीकत ध्यानी घ्यावी. फेब्रुवारी १९५० मध्ये लिबरल पक्षाने ४७५ उमेदवार उभे केले; परंतु झालेल्या मतांपैकी एक-अष्टमांशाहून अधिक मते न मिळाल्यास दीडशे पौंडांची अनामत सरकारजमा व्हावी, या कायद्यान्वये त्यांपैकी ३१९ जणांची रक्कम जप्त झाली, आणि ज्या पक्षाने ग्लॅडस्टनसारखा मुत्सद्दी निर्माण केला त्याच्या पदरी अवघ्या ९ जागा पडल्या. पुढच्या खेपेस त्याचे १०९ च उमेदवार उभे राहिल्यामुळे बहुसंख्य मतदारसंघांत जुन्या लिबरल कुटुंबांना आपले मत परक्या दारी नेणे अथवा घरी बसणे भाग पडले. बोल्टन शहरी तर एका मतदारसंघातून लिबरलांनी व दुसऱ्यातून हुजूरांनी माघार घ्यावी, असा उभयपक्षी तह झाला होता. वाडवडिलांनी आजन्म मानलेल्या पक्षाचा उमेदवारच समोर नसावा, ही व्यथा केवळ राजकीय नव्हे, असे आम्हांस मनापासून वाटते. निकालात मजूर पक्षास सुमारे १ कोटी ३९ लाख, तर हुजूर पक्ष व त्याचे सहकारी यांना सुमारे १ कोटी ३७ लाख मते पडली. जागा मात्र अनुक्रमे २९५ व ३२१ मिळाल्या, आणि ॲटली यांच्या जागी चर्चिल पुन्हा प्रधानमंत्री झाले. — संपादक