शिक्षण शुल्क परतावा

प्रवेश रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षणसंस्था त्याने भरलेल्या शुल्कातून नियमानुसार वजावट करून जी रक्कम परत करते, तिला शिक्षण शुल्क परतावा म्हणतात. शासनाकडून सवलतीच्या स्वरूपात मिळणारी ‘शुल्क प्रतिपूर्ती’ ही याहून वेगळी बाब आहे.

पार्श्वभूमी

एका महाविद्यालयात प्रवेश घेतल्यानंतर दुसरीकडे अधिक पसंतीची जागा मिळणे, ही भारतातील प्रवेशप्रक्रियेत नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी संस्था शुल्क व मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवत असल्याच्या तक्रारी वाढल्याने विद्यापीठ अनुदान आयोगाने २००७ साली जाहीर सूचना काढली. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी प्रवेश सोडल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये प्रक्रिया शुल्क कापून उर्वरित रक्कम परत करावी, असे तिच्यात म्हटले होते. टक्केवारीवर आधारलेली आजची पद्धत आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत आहे. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यासही तीत मनाई आहे.

परताव्याचे टप्पे

परताव्याचे प्रमाण प्रवेशाच्या अधिकृतपणे जाहीर केलेल्या अंतिम तारखेवरून ठरते. विद्यार्थ्याने शुल्क कोणत्या दिवशी भरले, याचा त्याच्याशी संबंध नसतो. अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास १०० टक्के, १५ दिवसांहून कमी आधी रद्द केल्यास ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि त्यानंतर ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के शुल्क परत मिळते. त्यापुढे काहीही मिळत नाही.

पहिल्या टप्प्यातील ‘१०० टक्के’ हा शब्दप्रयोग काहीसा फसवा आहे. त्यातूनही भरलेल्या शुल्काच्या ५ टक्क्यांपर्यंत, परंतु ५,००० रुपयांहून अधिक नाही, इतके प्रक्रिया शुल्क संस्थेला कापता येते. ८०,००० रुपये शुल्कावर ही वजावट जास्तीत जास्त ४,००० रुपये होते. १,२०,००० रुपयांवर ५ टक्के म्हणजे ६,००० रुपये होत असले, तरी कमाल मर्यादेमुळे ५,००० रुपयेच कापता येतात व किमान १,१५,००० रुपये परत मिळतात. ही मर्यादा एक लाख रुपयांच्या पुढील शुल्काला लागू पडते.

एका दिवसाचा उशीरही महागात पडू शकतो. याच १,२०,००० रुपयांवर ३० व्या दिवशी ६०,००० रुपये मिळतात, तर ३१ व्या दिवशी शून्य.

अनामत रक्कम

टक्केवारी लावताना शिक्षण शुल्काबरोबर इतर शुल्केही धरली जातात, मात्र अनामत व सुरक्षा ठेव वगळली जाते. ती पूर्ण परत करावयाची असते. हिशेबातील चूक बहुधा येथेच होते. समजा, विद्यार्थ्याने एकूण ६०,००० रुपये भरले असून त्यांपैकी ५,००० रुपये अनामत आहे आणि ८० टक्क्यांचा टप्पा लागू आहे. प्रथम अनामत बाजूला काढावी :

६०,००० − ५,००० = ५५,०००
५५,००० × ८० ÷ १०० = ४४,०००
४४,००० + ५,००० = ४९,०००

संपूर्ण ६०,००० रुपयांवर ८० टक्के काढल्यास ४८,००० रुपये येतात, म्हणजे विद्यार्थ्याचे १,००० रुपये बुडतात.

परत मिळालेल्या रकमेवरून मूळ शुल्क काढायचे असेल, तर भागाकार करावा लागतो. ९० टक्के परतावा ४५,००० रुपये असल्यास मूळ शुल्क ४५,००० × १०० ÷ ९० = ५०,००० रुपये होते. ४५,००० मध्ये त्याचेच १० टक्के मिळवल्यास ४९,५०० हे चुकीचे उत्तर येते, कारण वजावटीचे १० टक्के मूळ शुल्कावरचे असतात.

मुदत व अपवाद

विद्यार्थ्याचा लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत संस्थेने परतावा द्यावयाचा असतो. संस्थेला एका वेळी केवळ चालू सत्राचे किंवा वर्षाचेच शुल्क आगाऊ घेता येते, त्यामुळे पुढील वर्षांच्या शुल्काचा प्रश्न परताव्याच्या हिशेबात येऊ नये.

काही वर्षी आयोगाने विशेष सवलत दिली. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना कोणतीही वजावट न करता संपूर्ण शुल्क, तर ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत रद्द करणाऱ्यांना जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उर्वरित शुल्क देण्याचे निर्देश होते. म्हणून हिशेब करण्यापूर्वी त्या शैक्षणिक वर्षाचे परिपत्रक पाहावे लागते.