तळाची खबर

१८ ऑक्टोबर १६७९. उजाडायला अवकाश आहे. तुम्ही एका मराठी गलबतावर तांडेलाशेजारी अनवाणी उभे आहात. पुढे काळोखात खांदेरी. आपल्या मायनाक भंडाऱ्याने ते बेट धरलंय, आणि तिथला किल्ला होऊ द्यायचा नाही म्हणून इंग्रजांची जहाजं जवळच नांगरून पडलीत. त्यांच्यावर दौलतखानाचं आपलं आरमार वल्ही मारत निघालंय.

"धर सुकाणू," तांडेल म्हणतो. "नाळेकडे बघू नको."

तुम्ही बघताच. नाळ ढळते. तुम्ही सुकाणू उलट रेटता, काहीच होत नाही, म्हणून आणखी रेटता. मग गलबत एकदम वळतं आणि वळतच राहतं.

तांडेल दांडा हिसकून घेतो. "वळायला लागलं की लगेच थोपवायचं रे!"

एवढं वजनदार लाकूड ऐकतं, पण उशिरा. ते ऐकेपर्यंत पुढचा हुकूम सुटलेला असावा लागतो. तांडेलाचं सुकाणू जेमतेम वीतभर हलतं, कंबर मात्र सारखी डुलत असते. नाळ ढळलेली डोळ्यांना दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. कल आधी तळव्यांना लागतो.

पुढचा अर्धा तास नुसता धूर. इंग्रजांची 'डव्ह' निशाण उतरवते. 'रिव्हेंज' मात्र जवळजवळ एकटी झुंजते; आपली पाच गलबतं बुडवली, असं इंग्रज पुढे लिहून ठेवतील. तिच्यावरचा इंग्रज म्होरक्या किग्विन कच्चा नाही, हे मानायलाच हवं. आता तुम्ही नागोठण्याच्या खाडीकडे पळताय आणि तो पाठीवर आहे.

"तळ आला," तांडेल पुटपुटतो. तुम्हाला तर पाणी तेच दिसतंय. पण गलबत जड झालंय. वल्ह्यांचा जोर तोच, तरी चाल मंदावलीय, मागची लाट उंचावलीय. बूड आणि चिखल यांच्यामधल्या अरुंद फटीतून पाणी जोरात पळतं, तिथला दाब घटतो, गलबत खाली बसतं. तांडेलाला यातलं काही सांगता यायचं नाही. सुकाणू सुस्तावलंय, एवढं त्याच्या मनगटाला पुरतं. तो वल्ही संथ करायला लावतो आणि गलबत पुन्हा उचललं जातं.

'रिव्हेंज'चं बूड खोल. ती बाहेरच थांबते. दोरीला शिसं बांधून खोली मोजणारे तिच्यावर असतीलच. पण किग्विनच्या तळव्यांना ती खबर त्यांच्याआधी लागली असावी, असं मला वाटतं.

तांडेल तुमच्या हातात पाणी उपसायचं भांडं देतो. "खाली जाऊन बस. सुकाणू नंतर."